पिंप, केग आणि कॅस्केड

इंग्लंडच्या केंट काउंटीत वाय नावाच्या गावी एक जुनं शेती कॉलेज होतं. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ अर्नेस्ट सॅमन यांनी १९१६ साली कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातून आलेली हॉप्सची एक रानटी वेल आपल्या बागेत लावली. हॉप्स म्हणजे वेलीला लागणारी हिरवी, खवल्याखवल्यांची बोंडं. बिअरला कडूपणा येतो तो त्यांच्यामुळे, वास येतो तोही त्यांच्यामुळे, आणि ती लवकर खराब होत नाही त्यातही त्यांचा मोठा वाटा असतो. बोंडाच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते. कडू राळ आणि सुगंधी तेलं त्या पुडीत असतात. अमेरिका खंडातल्या रानवेलींमध्ये ही राळ इंग्रजी वेलींपेक्षा बरीच जास्त असते आणि सॅमनना तीच हवी होती. मॅनिटोबाची वेल काही वर्षांतच थंडीने मेली. पण तोवर तिला इंग्रजी नर-वेलीचा पराग लागून बी धरलं होतं. त्या बियांपासून निवडलेलं एक रोप पुढे १९३४ मध्ये ‘ब्रूअर्स गोल्ड’ या नावाने शेतकऱ्यांच्या हाती पडलं.

ब्रिटिश ब्रूअर त्याच्या कडूपणावर खूश झाले, पण वासाला त्यांनी नाक मुरडलं. काहींना त्यात ब्लॅककरंटसारख्या आंबटगोड फळाचा वास आला, काहींना चक्क बोक्याच्या मुताचा. त्या काळच्या ब्रूअरच्या तोंडी ‘अमेरिकी वास’ म्हणजे दोषच. असे हॉप्स वापरायचे तर सुरुवातीला टाकून खूप वेळ उकळायचे, म्हणजे कडूपणा राहतो आणि वास उडून जातो. शेवटी टाकायचे हॉप्स मात्र घरचेच असायला हवेत, फगल आणि गोल्डिंग. त्यांचा वास मातकट, फुलांचा, थोडा चहाच्या पत्तीकडे झुकणारा. ‘बिटर’ नावाच्या इंग्रजी बिअरची ओळख त्या वासावर उभी होती.

ऐंशी वर्षांनी त्याच इंग्लंडमध्ये लोक त्याच नावडत्या वासासाठी जादा पैसे मोजू लागले. द्राक्षफळ, आंबा, पॅशनफ्रूट, चीडाचा डिंक असे शब्द पबमधल्या फळ्यांवर खडूने लिहिलेले दिसू लागले. एखाद्या देशाची जीभ एवढी कशी बदलते? सहसा याचं श्रेय अमेरिकेच्या क्राफ्ट ब्रूइंगला दिलं जातं. ते रास्तच आहे. मात्र अमेरिकेने ब्रिटनला जे दिलं त्यातलं बरंचसं तिने आधी ब्रिटनकडूनच घेतलं होतं. ही देवघेव नीट पाहिल्याशिवाय ब्रिटनने काय कमावलं आणि काय गमावलं याचा हिशेब लागत नाही, असं मला वाटतं.

आधी ब्रिटनची स्थिती पाहू. १९६० च्या दशकात तिथल्या मोठ्या ब्रूअऱ्या लहान ब्रूअऱ्यांना गिळत चालल्या होत्या. बहुतेक पबही त्यांच्याच मालकीचे, म्हणजे पबमध्ये काय विकायचं हेही त्याच ठरवणार. त्यांनी ‘केग’ बिटर पुढे आणली. ती गाळलेली, पाश्चराइज केलेली, धातूच्या बंद पिंपात भरलेली आणि वरून वायूच्या दाबाने ढकललेली बिअर. वॉटनीची रेड बॅरल आणि डबल डायमंड ही त्यातली गाजलेली नावं. ती टिकायची, तिला सांभाळायची अक्कल लागायची नाही आणि देशभर तिची चव एकच असायची. १९७१ मध्ये चार तरुण इंग्रज सुट्टीवर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गेले असताना त्यांनी या प्रकाराविरुद्ध एक संघटना काढली. तीच ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’, लोकांच्या तोंडी कामरा. पुढे तिची सभासदसंख्या दीड लाखांच्या वर गेली. ग्राहकांनी चालवलेली एवढी यशस्वी चळवळ युरोपात क्वचितच झाली असेल.

कामराने ‘रिअल एल’ची व्याख्या केली ती वाढण्याच्या पद्धतीवरून. ज्या पिंपातून बिअर ग्लासात येते त्याच पिंपात तिचं दुसरं किण्वन व्हायला हवं, आणि ती वाढताना बाहेरचा कार्बन डायऑक्साइड वापरायचा नाही. ही व्याख्या लक्षात ठेवायला हवी, कारण पुढची सगळी भांडणं तिच्याभोवतीच झाली.

पिंपातली बिअर म्हणजे नेमकं काय, हे पाहायचं तर पबच्या तळघरात उतरावं लागतं. तिथे अकरा ते तेरा अंशांचा गारवा असतो. फर्किन नावाचं नऊ गॅलनचं, म्हणजे साधारण ४१ लिटरचं पिंप घोडीवर आडवं ठेवून पाचरी मारून पक्कं बसवलेलं असतं. आतलं यीस्ट अजून जिवंत असतं, साखर खात असतं आणि वायू सोडत असतं. तळघर सांभाळणारा माणूस पिंपाच्या पोटावरच्या बुचात मऊ, सच्छिद्र लाकडाची खुंटी हातोडीने ठोकतो. तिच्यातून फेस फसफसत वर येतो. तो पुसायचा, पुन्हा येतो, पुन्हा पुसायचा. बुडबुडे शांत झाले की मऊ खुंटी काढून कठीण लाकडाची बसवायची, म्हणजे उरलेला वायू बिअरमध्येच राहतो. गाळ खाली बसावा म्हणून पिंपात आयसिंग्लास घातलेलं असतं. हे माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. आपल्याकडचे कोळी घोळ माशाचा जो बोत जपून विकतात, तोच हा अवयव. दिवसभराने बिअर आरशासारखी निवळते. मग नळ ठोकायचा आणि वर बारमधल्या हातपंपाने ती ओढून घ्यायची. एकदा पिंपात हवा शिरली की तीन दिवसांत बहात्तर पाइंट संपवायचे, नाहीतर आंबट झालेली बिअर मोरीत ओतायची.

म्हणजे ब्रूअर बिअर अर्धवट अवस्थेत पाठवतो आणि पबवाला ती पूर्ण करतो. जगात दुसऱ्या कुठल्याही पेयात विकणाऱ्यावर एवढा भरवसा टाकलेला माझ्या पाहण्यात नाही. चांगल्या हातात ही बिअर जेवढी मऊ आणि गुंतागुंतीची लागते तेवढी केगमधली लागत नाही. वाईट हातात मात्र ती कोमट आणि मिळमिळीत होते. पिंपातल्या बिअरबद्दल ब्रिटनबाहेर पसरलेले सगळे गैरसमज अशाच वाईट हातांमुळे झालेले आहेत.

अमेरिकेत तर ब्रिटनपेक्षाही वाईट परिस्थिती होती. १९२० ते १९३३ च्या दारूबंदीने लहान ब्रूअऱ्या मोडल्या आणि उरलेल्यांना मोठ्यांनी खाल्लं. १९७० चं दशक संपता संपता एवढ्या अवाढव्य देशात शंभरापेक्षाही कमी ब्रूअरी कंपन्या उरल्या होत्या आणि बहुतेक सगळ्या एकाच चवीची फिकी, थंडगार लागर बनवत होत्या. जुनी परंपरा पुरती तुटलेली असल्याने नव्याने सुरुवात करणाऱ्यांना नमुना बाहेरूनच आणावा लागला. तो त्यांना बव्हंशी ब्रिटनमध्ये सापडला.

जॅक मॅकॉलिफ अमेरिकी नौदलात होता आणि त्याची नेमणूक स्कॉटलंडला होती. तिथल्या पबमध्ये त्याला एलची गोडी लागली. परत गेल्यावर तशी बिअर कुठे मिळेना, म्हणून त्याने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा इथे दूधडेअरीची जुनी भांडी जोडून ‘न्यू अल्बियन’ ब्रूअरी काढली. अल्बियन म्हणजे ब्रिटनचंच प्राचीन नाव. सहा वर्षांत ती बंद पडली, पण तिच्या वाटेने पुढे शेकडो लोक गेले. सॅन फ्रान्सिस्कोत फ्रिट्झ मेटॅग यांनी १९६५ मध्ये बुडत्या अँकर ब्रूअरीचा मोठा हिस्सा घेतला होता. त्यांनी इंग्रजी ब्रूअऱ्या फिरून पाहिल्या आणि १९७५ मध्ये लिबर्टी एल काढली. मेन राज्यातल्या पोर्टलंड शहरात डेव्हिड गिअरी यांनी ब्रूअरी उभारली, ती स्कॉटलंडच्या ट्रॅक्वेअर हाउसमध्ये काम शिकून आल्यावर. त्यांची यंत्रसामग्री बसवायला हॅम्पशायरच्या रिंगवुड ब्रूअरीचे पीटर ऑस्टिन यांचा शिष्य अॅलन पग्स्ली अमेरिकेत गेला. रिंगवुडचं यीस्टही त्याच्याबरोबर गेलं आणि अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या अनेक ब्रूअऱ्यांत पसरलं.

यॉर्कशायरचा पत्रकार मायकल जॅक्सन याचं ‘द वर्ल्ड गाइड टू बिअर’ हे पुस्तक १९७७ मध्ये आलं. त्याने जगातल्या बिअरची घराण्यांनुसार मांडणी केली: पोर्टर, स्टाउट, बिटर, इंडिया पेल एल. त्यातल्या कित्येक प्रकारांना ब्रिटनमध्ये घरघर लागली होती. पण १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरच्या घरी बिअर बनवायला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली होती. त्यामुळे अमेरिकेतले हौशी लोक स्वयंपाकघरात भांडी चढवून हे पुस्तक पाककृतींच्या वहीसारखं वाचू लागले. सिएटलच्या चार्ल्स फिंकल या आयातदाराने तर यॉर्कशायरच्या सॅम्युएल स्मिथ ब्रूअरीला ओटमील स्टाउट पुन्हा बनवायला लावली. हा प्रकार ब्रिटनमध्ये जवळजवळ नामशेष झाला होता. अमेरिकी गिऱ्हाईक मिळालं म्हणून १९८० मध्ये तो परत जन्माला आला. अमेरिकेचा ब्रिटिश बिअरवरचा पहिला ठोस परिणाम कुठला, असं कुणी विचारलं तर मी ही काळी, रेशमी स्टाउट दाखवीन.

आता हॉप्सकडे येऊ, कारण खरी उलथापालथ तिथे झाली. ऑरेगन राज्यातल्या सरकारी संशोधन केंद्राने १९७२ च्या सुमारास ‘कॅस्केड’ नावाचं वाण बाहेर काढलं. त्याच्या वंशावळीत एका बाजूला इंग्लंडचा फगल, दुसऱ्या बाजूला रशियाचा सेरेब्रियांका. पण ऑरेगन आणि वॉशिंग्टनच्या मातीत, उन्हात वाढलेल्या कॅस्केडला फगलचा मातकटपणा नव्हता. त्याला द्राक्षफळाच्या सालीचा टोकदार वास होता. मेटॅगच्या लिबर्टी एलमध्ये तो वापरला गेला. मग कॅलिफोर्नियातल्या चिको गावी केन ग्रॉसमन आणि पॉल कमूसी यांनी १९८० मध्ये सिएरा नेवाडा पेल एल बनवली. बिअरचा वास हा लपवायचा दोष नाही, मिरवायची गोष्ट आहे, हे तिने एका पिढीला शिकवलं. त्यानंतर आलेल्या सेंटेनियल या वाणाच्या वंशात मोठा वाटा ब्रूअर्स गोल्डचा आहे, म्हणजे सॅमननी वायच्या बागेत वाढवलेल्या त्या रोपाचाच.

या वासामागचं रसायन अलीकडे उलगडलं आहे. हॉप्समध्ये गंधक असलेली थायॉल नावाची संयुगं असतात. ती इतकी तीव्र असतात की एक लाख कोटी भागांत काही भाग एवढी मात्राही नाकाला पुरते. त्यांतल्या एकाची मात्रा कमी असेल तर ब्लॅककरंटचा, आंब्याफणसाकडे झुकणारा वास येतो आणि वाढली तर बोक्याचा. सोविन्यों ब्लां या द्राक्षाच्या वाइनमध्येही तेच संयुग असतं. १९३० च्या दशकातल्या इंग्रज ब्रूअरची नाकं चुकीचं सांगत नव्हती. त्यांना त्या वासाचं काय करायचं ते सुचलं नव्हतं, एवढंच.

ब्रिटनमध्ये ते प्रथम सुचलं वाइनच्या जगातून आलेल्या एका माणसाला. शॉन फ्रँकलिन फ्रान्समध्ये वाइनचं काम शिकून आले होते. कॅस्केडचा वास घेतल्यावर त्यांना गेवुर्त्सट्रामिनर वाइन आठवली आणि अशा सुगंधाची बिअर का करू नये, असं त्यांच्या मनात आलं. १९९३ मध्ये त्यांनी यॉर्कशायरमध्ये रूस्टर्स ब्रूअरी काढली. त्यांची ‘यांकी’ फिक्या रंगाची, साधारण चार टक्के अल्कोहोलची, हातपंपाने पाजायची पिंपातली बिअर होती. तिच्यात कॅस्केडच होता. त्याच सुमारास मँचेस्टरमध्ये ब्रेंडन डॉबिन आपल्या पबमागच्या ‘वेस्ट कोस्ट’ ब्रूअरीत अमेरिकी हॉप्स टाकत होते. या लोकांची नावं आज फारशी घेतली जात नाहीत, याची मला खंत वाटते. त्यांनी अमेरिकी वास इंग्रजी पिंपात असा मुरवला की दोन्हींचं भलं झालं. कडूपणा आटोक्यात, मद्यांश कमी, आणि संध्याकाळभर गप्पा मारत तीन-चार पाइंट पिता येतील असा तोल. पुढे ब्रायटनच्या डार्क स्टार आणि पीटरबरोच्या ओकम या ब्रूअऱ्यांनी हाच मार्ग धरला. ओकमने २००९ मध्ये अमेरिकेतून नव्याने आलेला सिट्रा हॉप ब्रिटनमध्ये सर्वांत आधी वापरला.

या सगळ्याला बळ मिळालं एका करसवलतीने. २००२ मध्ये अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी लहान ब्रूअऱ्यांसाठी बिअरवरचा कर अर्ध्यावर आणला. ब्रूअरी काढणं एकदम परवडू लागलं. कामराच्या स्थापनेच्या वेळी ब्रिटनमध्ये दोनशेच्या आत ब्रूअरी कंपन्या होत्या. २०१० च्या दशकाच्या अखेरीस हा आकडा दोन हजारांच्या आसपास पोचला. अमेरिकेची नक्कल हे या वाढीचं एकमेव कारण नाही, हे त्यासाठी सांगितलं. चव तिकडून आली, भांडवलाला वाट या कायद्याने करून दिली.

आणि मग आली आयपीए. इंडिया पेल एल या नावातलं इंडिया म्हणजे आपली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या हॉजसनची फिकट, भरपूर हॉप्स घातलेली बिअर केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार-सहा महिन्यांच्या प्रवासाने इथे पोचायची. १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंट गावच्या ऑलसॉप आणि बास यांनी तो धंदा काबीज केला. बर्टनच्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम भरपूर असतं आणि त्याने हॉप्सचा कडूपणा स्वच्छ, खडखडीत लागतो. ही बिअर खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, असं सांगतात ते खरं नाही. मुंबईच्या धक्क्यावर काळी पोर्टरही मुबलक उतरायची आणि गोऱ्या शिपायांची ती आवडती होती. पेल एल अधिक करून साहेबलोकांच्या टेबलावर जायची. पुढे ब्रिटनमध्ये कर आणि महायुद्धातले निर्बंध यांनी बिअर सौम्य होत गेली. आयपीए हे नाव उरलं, पण ग्लासात साडेतीन टक्क्यांच्या आसपासची साधी बिटर असायची. अमेरिकेतल्या हौशी लोकांनी मात्र जुनी वर्णनं वाचली आणि सहा-सात टक्क्यांची, हॉप्सने ओसंडणारी आयपीए पुन्हा उभी केली, फक्त हॉप्स आपले घातले.

डर्बीशायरमधल्या थॉर्नब्रिज या ब्रूअरीने २००५ मध्ये आपल्या ५.९ टक्क्यांच्या आयपीएला ‘जयपूर’ नाव दिलं. नाव हिंदुस्थानचं, हॉप्स अमेरिकेचे, पिंप इंग्रजी. ब्रिटनच्या नव्या बिअरचा आरंभबिंदू म्हणून एकच बिअर निवडायची तर पुष्कळ जाणकार हिचं नाव घेतात, मीही घेतो. तिथल्या तरुण ब्रूअरपैकी मार्टिन डिकी याने दोन वर्षांनी जेम्स वॉट या मित्राबरोबर स्कॉटलंडच्या फ्रेझरबर्ग बंदरात ब्रूडॉग सुरू केली. त्यांची ‘पंक आयपीए’ सुपरमार्केटच्या फळ्यांवर पोचली आणि ज्यांनी कधी पबमध्ये हातपंपाकडे बोट दाखवलं नव्हतं अशा तरुणांनी ती डोक्यावर घेतली. ब्रूडॉगने २००९ पासून आपले शेअर थेट गिऱ्हाइकांना विकले, ३२ आणि ४१ टक्के मद्यांशाच्या बिअर काढून वर्तमानपत्रांत गदारोळ उडवला, आणि काही वर्षांत पिंपातली बिअर बनवणं बंद करून सगळा भर केग, बाटल्या आणि डब्यांवर दिला. २०१७ मध्ये तिच्यातला मोठा हिस्सा सॅन फ्रान्सिस्कोच्या एका गुंतवणूक कंपनीने घेतला.

लंडनमध्ये वेगळ्या स्वभावाचा माणूस याच रस्त्याने आला. एव्हिन ओरिओर्डन चीजच्या व्यवसायात होता. कामानिमित्त न्यू यॉर्कला गेला असता तिथे लोक बिअरबद्दल ज्या तन्मयतेने बोलत होते त्याने तो चकित झाला. चीजबद्दल तो स्वतः तसंच बोलायचा, बिअरबद्दल मात्र लंडनमध्ये तसं कुणी बोलत नव्हतं. २००९ मध्ये त्याने रेल्वेच्या कमानीखाली ‘द कर्नल’ ब्रूअरी काढली. तिच्या बाटलीवर खाकी रंगाचं साधं लेबल असतं. त्यावर प्रकार, हॉप्सचं नाव आणि टक्केवारी, बस. आज सिट्रा, उद्या सिमको. याच ब्रूअरीची एक स्टाउट १८९० च्या लंडनच्या पाककृतीवर बेतलेली आहे. एक डोळा न्यू यॉर्ककडे आणि दुसरा आपल्याच शहराच्या जुन्या वह्यांकडे लावलेल्या या माणसाने मला सगळ्यांत जास्त शिकवलं. बर्मंडसीच्या त्या कमानींमध्ये मग एकामागून एक ब्रूअऱ्या आल्या आणि शनिवारी दुपारी तिथे पायी फिरणाऱ्यांची झुंबड उडू लागली.

इथे कामराची व्याख्या आडवी आली. अमेरिकनांच्या मनात केगबद्दल कसलीच अढी नव्हती. सिएरा नेवाडाही केगमधून यायची आणि म्हणून ती मिळमिळीत व्हायची नाही. थंड बिअर, भरपूर वायू आणि भरपूर हॉप्स यांचं जमतंही छान, कारण बुडबुड्यांबरोबर सुगंध वर उसळतो. पण ज्या पिढीने वॉटनीच्या रेड बॅरलविरुद्ध मोर्चे काढले होते तिला केग हा शब्दच शिवीसारखा. नवी बिअर कितीही जीव ओतून केलेली असली तरी व्याख्येनुसार ती ‘रिअल’ नव्हती. तरुण ब्रूअर चिडले, जुने कार्यकर्ते दुखावले. दोघांचंही प्रेम एकाच गोष्टीवर होतं, म्हणून भांडण जास्त बोचरं झालं. २०१८ मध्ये कामराने सभासदांसमोर बदल मांडले. सगळ्या दर्जेदार बिअरच्या चाहत्यांसाठी संघटनेचं दार उघडणाऱ्या महत्त्वाच्या ठरावाला ७२ टक्के मतं पडली. हवी होती ७५. ठराव पडला, पण बाकीचे झाले आणि कामराच्या महोत्सवांमध्ये केगची बिअर दिसू लागली.

गढूळपणाची गोष्ट याहून रंजक आहे. इंग्लंडमध्ये गढूळ पाइंट म्हणजे बिघडलेला पाइंट. गिऱ्हाईक तो बारवर परत ठेवायचं आणि मालक निमूट बदलून द्यायचा. कॅलिफोर्नियाचा जस्टिन हॉक अमेरिकी लष्करात होता. त्याने २००७ मध्ये सॉमरसेटची मूर बिअर ही ब्रूअरी घेतली आणि माशाचा बोत न घालता नैसर्गिक धूसर बिअर पाजायचा हट्ट धरला. चव भरदार राहते, शाकाहारी माणसालाही पिता येते, असं त्याचं म्हणणं. वर्षानुवर्षं त्याला प्रत्येक पबमालकाची समजूत घालावी लागली. पुढे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातून न्यू इंग्लंड आयपीएची लाट आली. तिचा रंग आंब्याच्या रसासारखा, ती पूर्ण अपारदर्शक, कडूपणा थोडा आणि फळांचा सुगंध ओतप्रोत. मँचेस्टरची क्लाउडवॉटर, कॉर्नवॉलची व्हर्डंट, चेल्टनहॅमची डेया या ब्रूअऱ्यांनी ती अशी आत्मसात केली की स्वच्छ दिसणारी आयपीए जुनाट वाटू लागली. व्हरमाँटच्या ज्या यीस्टमुळे हा मऊ, पीचसारखा स्वाद येतो त्याचं मूळ इंग्लंडमध्ये असल्याचं मानलं जातं.

या सगळ्यात काय हरवलं तेही सांगितलं पाहिजे. माइल्ड नावाची गडद, तीन-साडेतीन टक्क्यांची, खाणकामगार आणि गिरणीकामगारांची बिअर पुष्कळ गावांतून दिसेनाशी झाली. तपकिरी बिटर ‘म्हाताऱ्यांची बिअर’ ठरली. पाइंटची किंमत वाढली, मद्यांश वाढला. २०११ मध्ये तर सरकारने दोन-तृतीयांश पाइंटच्या मापाला मान्यता दिली. जोरकस बिअरला ते माप सोयीचं पडलं, पण ‘एक पाइंट घेऊ’ या जुन्या बरोबरीच्या व्यवहारात त्याने फट पाडली. केंट आणि हेरफर्डशायरमधल्या हॉप्सच्या बागा घटल्या. वाय कॉलेजचं हॉप्स संशोधनही २००० च्या दशकात बंद पडलं. इंग्लंडच्या मवाळ उन्हात अमेरिकेसारखा भडक वास सहज येत नाही. तरी चार्ल्स फॅरम या हॉप्सच्या व्यापारी कंपनीने स्वतःचा पैदास कार्यक्रम चालवून ‘जेस्टर’सारखं द्राक्षफळाच्या आणि लिचीच्या वासाचं इंग्रजी वाण काढलं. मला त्याचं कौतुक वाटतं. पण फगलची बाग मोडून जेस्टर लावणाऱ्या शेतकऱ्याकडे पाहताना थोडं वाईटही वाटतं.

आणि पैशांचा प्रश्न. अमेरिकेत गूस आयलंड २०११ मध्ये अनहायझर-बुशकडे गेली. ब्रिटनमध्येही पुढे तेच झालं. २०१५ मध्ये मीनटाइम एसएबीमिलरने आणि कॅम्डन टाउन अनहायझर-बुश इनबेव्हने घेतली. बीव्हरटाउन टप्प्याटप्प्याने हायनेकेनकडे गेली. लंडनच्या जुन्या, मानाच्या फुलर्सचा बिअर व्यवसायही २०१९ मध्ये २५ कोटी पौंडांना जपानच्या असाहीने उचलला. महामारी आणि त्यानंतरच्या महागाईने तर लहान ब्रूअऱ्यांचं कंबरडं मोडलं. ज्या अँकरपासून अमेरिकेत सुरुवात झाली ती २०२३ मध्ये बंद पडली.

बर्टनमध्ये मार्स्टन्स ही शेवटची ब्रूअरी होती जिथे ‘बर्टन युनियन’ पद्धत चालायची. १८३८ मध्ये पेटंट घेतलेल्या या रचनेत ओकच्या मोठ्या पिंपांच्या रांगा एका नळीने जोडलेल्या असतात. किण्वनाच्या जोराने फेस आणि यीस्ट प्रत्येक पिंपावरच्या वाकड्या नळीतून वर चढतं आणि माथ्यावरच्या लांब पन्हळीत पडतं. पन्हळ किंचित उतरती. तिच्यातून बिअर परत खाली पिंपांत झिरपते आणि यीस्ट मागे राहतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात बर्टनची पेल एल अशीच तयार व्हायची, मुंबईला जाणारीसुद्धा. ही पिंपं राखायला कुशल पिंप-सुतार लागतात आणि खर्चही फार. २०२४ च्या सुरुवातीला कार्ल्सबर्ग मार्स्टन्स कंपनीने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं.

त्यांतला एक संच वाचला. न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन ब्रूअरीचे मुख्य ब्रूअर गॅरेट ऑलिव्हर कॉलेज संपवून १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये राहिले होते. पिंपातली बिअर त्यांनी तिथे पहिल्यांदा चाखली आणि परत जाऊन घरी बिअर बनवायला लागले होते. युनियन मोडणार हे कळल्यावर त्यांनी थॉर्नब्रिजच्या लोकांना गाठलं, आणि ब्रुकलिनची बिअर जी कंपनी युरोपात विकते त्या कार्ल्सबर्गकडे शब्द टाकला. संच सुटा करून डर्बीशायरला बेकवेल गावी आणला गेला आणि पुन्हा जोडला गेला. त्यात पहिली बिअर थॉर्नब्रिज आणि ब्रुकलिन यांनी मिळून बनवली. त्यानंतर त्याच ओकच्या पिंपांत जयपूरही आंबवली गेली.